आईचा आवाज काढताना

पंचविशीत आल्यावर माणूस काही ना काही होतो. कुणी साहेब होतो, कुणी जावई होतो, कुणी भावी नगरसेवक होऊन चौकात फ्लेक्सवर लटकतो. मी आई झालो.

झालं असं. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं आणि नांदेडातच सोलर पंपाच्या एका ऑफिसात चिकटलो. काम एवढंच, की दिवसभर शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे आणि पंप का चालत नाही त्याचं खापर आभाळावर फोडायचं. खोलीत आम्ही दोघं, मी आणि हिमायतनगरचा एक पार्टनर. घर माझं लातूरला. तिथून रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा. खरं म्हणजे फोनची गरज नव्हती. आई अशी बोलायची की खिडकी उघडी ठेवली असती तरी नांदेडला ऐकू आलं असतं.

एकदा फोन ठेवल्यावर पार्टनर म्हणाला, "तू काय नुसता हं-हं करून राहिला बे? काय म्हणली काकू?"

मी दोरीवरचा टॉवेल पदरासारखा डोक्यावर घेतला आणि काय म्हणाली ते सांगितलं.

"जेवलास का? काय जेवलास? कुटं जेवलास? कोनासंग जेवलास? वांगी? पुन्ना वांगी? तिकडं नांदेडात दुसरं काय पिकत न्हाई काय रे? आन् आवाज का असा येलालाय तुझा? थंड पानी पिलास. न्हाई पिलास? मंग खोटं बोलून घसा बसला असंल."

पार्टनर हसून हसून गादीवरून खाली पडला. पडता पडता त्यानं शूटिंग केलं होतं आणि इन्स्टाला टाकलंही होतं, ते नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा मागितला तर चहावाल्यानं आधी विचारलं, "जेवलास का?"

तिथून पुढं माझं कल्याण झालं. दाढी तशीच, डोक्यावर टॉवेल, आणि तोंडात आई. भाजीवालीशी भांडणारी आई, पाहुणे निघाल्यावर दारात तासभर बोलणारी आई, मोबाइल हरवला म्हणून मोबाइलवरूनच फोन करणारी आई. लोकांनी मला उचलून धरलं. हिमायतनगरला पार्टनरच्या मामाचं मोबाइलचं दुकान उघडायचं होतं, तर त्यांनी मला उद्घाटनाला बोलावलं. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर हात जोडलेल्या पुढाऱ्यांच्या रांगेत पदर घेतलेला मी, आणि खाली 'प्रमुख आकर्षण'. सत्काराच्या वेळी खरी पंचाईत झाली. आमच्याकडची रीत अशी, की पाहुण्या पुरुषाला फेटा आणि बाईला साडी. मामा एका हातात फेटा, एका हातात साडी घेऊन माझ्यापुढं उभे राहिले, वर बघितलं, खाली बघितलं आणि साडी दिली. टाळ्या पडल्या. पुढं सगळं कळल्यावर ती साडी आईनं वर्षभर मिरवली. 'पोराला मिळाली' असं सांगायची, पुढचं सांगायची नाही.

नुकसान झालं ते एकाच बाबतीत. उदगीरकडं मुलगी बघायला गेलो होतो. पोहे आले. मुलीनं मान वर केली, मला बघितलं आणि तिच्या हातातला ट्रे थरथरायला लागला. मला वाटलं, लाजली. तेवढ्यात तिची धाकटी बहीण पडद्याआडून म्हणाली, "काकू, जेवलात का?" दोन दिवसांनी निरोप आला. मुलगा चांगला आहे, पण घरात दोन सासवा होतील.

आईला मी हे सगळं बरेच दिवस दाखवलं नव्हतं. गल्लीतल्या कुणीतरी दाखवलं. मी लातूरला गेलो तर तिनं मोबाइल पुढं धरला.

"ही कोन बाई हाय रे?"

"तू."

"मी? मी कवा अशी बोलते? मी कवा अशी वरडते? अवो, हिकडं या जरा, ह्यो बगा काय म्हनलालाय!"

बाबा धान्याच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम. दिवसभर भावांचा पुकारा ऐकायचे आणि घरी येताना सगळे शब्द तिकडंच सोडून यायचे. त्यांनी मोबाइलकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि म्हणाले, "आवाज कमी करा." कुणाला म्हणाले ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

आईनं आठवडाभर तोंड फुगवलं. गल्लीत लाज आणलास, म्हणाली. मग गल्लीतल्या बायका तिच्या पाया पडल्यागत वागायला लागल्या आणि लाज कमी झाली. नंतर तर तीच माझी मास्तरीण झाली. फोन यायचा, "काल कोथिंबीरवालीला काय बोलले, सांगू का? ध्यान देऊन ऐक." किंवा, "पदर असा घेतेत का? बाई हाईस का बुजगावनं?" एकदा म्हणाली, "निस्तं वरडू नकोस. मधी जराक थांबावं. समोरच्याला वाटावं, सुटलो. मंग वरडावं." हे मी करून बघितलं. तेव्हापासून लोक दुप्पट हसायला लागले.

मागच्या उन्हाळ्यात तिचा आवाज बसला. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, लवंगा झाल्या. आवाज उठेना. ती मात्र खुशीत. "आता अशीच कर," घोगऱ्या आवाजात फोनवर म्हणाली, "घोगरी आई. लोकं लई हसतील." मी केली. लोक लई हसले. इतके त्याआधी कधीच हसले नव्हते.

पावसाळा लागला तरी घोगरेपणा जाईना. गिळताना दुखायला लागलं, तेव्हा बाबांनी तिला लातुरातच मोठ्या दवाखान्यात नेलं. मीही नांदेडहून आलो. नाकातून नळी घालून तपासलं, तुकडा काढून पाठवला, सगळं झालं. कागद हातात आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता?"

"शिवशिव! न्हाई वो."

"कधीच नाही?"

"कवाच न्हाई. निस्ती मिश्री लावते. दात घासाया."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मिश्री म्हणजे भाजून बारीक केलेली तंबाखूच, पण आमच्याकडच्या बायका ते मानत नाहीत. तंबाखू गडी खातात, ते व्यसन. मिश्री बायका लावतात, ती साफसफाई. आजीनं आईला लग्नात डबी दिली होती. मी स्वतः कितीदा दुकानातून पुडी आणून दिली असेल. आणलेल्या पुडीवर रीलसुद्धा केलं होतं.

डॉक्टर शांतपणे बोलले. स्वरयंत्र काढावं लागेल. श्वासासाठी गळ्याला छिद्र ठेवतील. जीव वाचण्याची आशा चांगली आहे. बोलता येणार नाही.

"कायमचं?" आईनं विचारलं.

"हो."

आई जरा वेळ खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत बसली. मग म्हणाली, "तेवड्या महालक्ष्म्या होऊ द्या, साहेब. आरती कोन म्हनंल?"

गौरी-गणपतीतल्या महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. डॉक्टर हो म्हणाले.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बाबा रिक्षा बघायला गेले आणि मी मोबाइल काढला. मला आईचा आवाज शोधायचा होता. शोधत गेलो, शोधत गेलो. सगळीकडं मी. टॉवेल घेतलेला, टॉवेल सुटलेला, हसू आलं म्हणून पुन्हा केलेला. आईनं व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचं कधी शिकून घेतलं नाही, तिला थेट फोनच लागायचा, आणि फोनवरचं बोलणं कुठं उरतं? चुलत बहिणीच्या हळदीचा एक व्हिडिओ सापडला. त्यात आई पाठमोरी होती आणि डीजे चालू होता.

घरी आल्या आल्या मी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. "आई, बोल."

"काय बोलू?"

"काय पण."

आईनं पदर नीट केला. केस बसवले. पाठ ताठ केली आणि त्या खरखरीत घशातून म्हणाली, "सर्वांना माझा नमस्कार. आज मी आपणास सांगू इच्छिते की, माझा मुलगा अत्यंत गुणी आहे."

मी कपाळावर हात मारला. आमच्या भागात माइक दिसला की माणसाची भाषा इस्त्री करून येते. रोज 'हाय-न्हाई' करणारा गडी लग्नात दोन शब्द बोलायला उभा राहिला की 'सदर प्रसंगी' असं सुरू करतो. आईला कॅमेरा म्हणजे व्यासपीठ वाटलं. आणि गुणी! तिच्या तोंडून मला आजवर हाल्या, येडा, कुंभकरण, बापाच्या वळणावर गेलेला, एवढंच ऐकायची सवय.

"असं न्हाई आई. रोजच्यासारखं बोल."

"रोजच्यासारखं कसं बोलू? लोकं ऐकतेत."

"लोकं न्हाई ऐकणार. मी एकटाच ऐकणार."

"तू तर रोज ऐकतूस की," ती म्हणाली.

मी दुसरी युक्ती काढली. आईला बोलती करायचा हुकमी उपाय एकच, चूक करणं, आणि त्या बाबतीत माझा हात धरणारा कुणी नव्हता. खिशातला मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि चपला घालून थेट देवघरापर्यंत गेलो. आईनं बघितलं, फडकं घेतलं, फरशी पुसली. ओला टॉवेल गादीवर टाकला. तिनं उचलून वाळत घातला. शेवटी गॅसवर दूध ठेवून मुद्दाम पाठ फिरवून उभा राहिलो. दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली ओघळलं, बर्नर विझला. मी वाट बघत राहिलो.

"ऱ्हाऊ दे लेकरा," आई मागून म्हणाली. "चालतंय."

चालतंय? उतू गेलेलं दूध आमच्या घरात चालतंय? डॉक्टरांच्या बोलण्यानं मी घाबरलो होतो, त्याहून जास्त हे ऐकून घाबरलो. तिला सगळं दिसत होतं. मुलगा दुःखात आहे, त्याला कशाला बोला, म्हणून ती उरलेले दिवस जपून, गोड बोलत होती, आणि मी खिशात मोबाइल घेऊन शिव्यांची भीक मागत फिरत होतो.

राहिली आरती. महालक्ष्म्या जेवल्या त्या दिवशी घर बायकांनी भरलं. मी मोबाइल देव्हाऱ्याच्या कडेला, आईच्या अगदी जवळ ठेवला. कुणीतरी माझ्या हातात घंटी दिली. आईनं डोळे मिटून सुरुवात केली. तो घसा फाटत होता, मध्येच नुसता वारा यायचा, पण तिनं एकही कडवं सोडलं नाही. बायका रडत टाळ्या वाजवत होत्या. मी मन लावून घंटी वाजवली. नंतर ऐकलं तर त्यात घंटी होती. घंटी आणि तिच्या मागं एक बेसूर गडी. घंटी मोबाइलपासून वीतभर अंतरावर होती आणि तो बेसूर गडी मी होतो.

ऑपरेशनच्या सकाळी मी ठरवलं होतं, आत नेताना तिच्या सोबत चालायचं. तिला जे म्हणायचं ते नुसतं ऐकायचं. ऐन वेळी नर्सनं मला खाली औषधं आणायला पिटाळलं. वर आलो तर दार बंद झालं होतं. बाबा हातात आईच्या चपला घेऊन उभे होते.

"काय म्हणली?"

बाबांनी आठवायचा खूप प्रयत्न केला. मला तो त्यांच्या कपाळावर दिसत होता.

"चपलीचं कायतरी म्हणली," ते म्हणाले.

आई वाचली. हे आधी सांगायला हवं होतं, पण मला गोष्ट नीट सांगता येत नाही. ती घरी आली, गळ्याला छिद्र, त्यावर पांढरं फडकं. मी रजा काढून लातूरलाच राहिलो. तिच्यासाठी एक पाटी आणली. आई सातवी शिकलेली, अक्षर सुरेख. पण शाळेत जे लिहायला शिकवलं तेच हातात उतरायचं. "कृपया चहात साखर कमी टाकणे." "पंखा बंद करावा." असं वाटायचं, घरात नगरपालिकेची नोटीस राहायला आली आहे. जे बोलणं ऐकून अर्धं नांदेड हसलं होतं ते तिनं जन्मात कधी लिहिलं नव्हतं. ते घशातच राहायचं, घशाबरोबर गेलं.

पहिल्यांदा घडलं ते सहज घडलं. शेजारची काकू भेटायला आली. "बरं हाय का आता?" तिनं विचारलं. आईनं हात हलवला, आणि मागून मी बोललो, आईच्या आवाजात, "बरं न्हाई तर काय! बगलालीस न्हाई का, कशी धडधाकट बसले. तू बस. च्या पी. न्हाई म्हनू नकोस, न्हाई म्हनायला आलीस काय इतक्या लांबनं, मधल्या भिंतीवरनं?"

काकू दचकली, मग हसली. आईचे खांदे हलले. फडक्याखालून शिट्टीसारखा वारा आला. ती हसत होती. तिघांचंही हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं ते कळलं नाही.

मग सवयच लागली. आईनं हात उचलला की मी बोलायचो. दूधवाल्याला, पेपरवाल्याला, बाबांनासुद्धा. बाबा ताटावरून मान वर करून आईकडं बघायचे, माझ्याकडं नाही. मला वाटायचं, मी घरात पुन्हा आवाज आणला. हळूहळू मी तिच्या हाताची वाट बघेनासा झालो. प्रश्न आला की उत्तर माझ्या तोंडात तयार. तिला काय म्हणायचंय ते मला ठाऊक आहे, इतकी वर्षं त्याच्यावरच तर नाव कमावलं होतं.

माझी मावशी, आईची धाकटी बहीण, उदगीरच्याही पलीकडं एका खेड्यात राहते. तिला आम्ही खरं सांगितलं नव्हतं. घशाचं लहानसं ऑपरेशन झालंय, थोडे दिवस बोलायचं नाही, एवढंच. आईनंच पाटीवर लिहिलं होतं, "माहेरच्या कोणासही बोलावू नये." तिला ते छिद्र तिकडच्या कुणाला दाखवायचं नव्हतं. एका दुपारी आई झोपलेली असताना मावशीचा फोन आला. ती रडत होती. "अक्काला दे की रे. एकदा तरी बोलू दे. दोन शब्द."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. बाहेर आली आई.

"रडलालीस का गं येडे? बरी हाय मी. घसा तेवडा दुखलालाय. जेवलीस का? ये की मंग. बस धर आन् ये."

'ये की' हे मी मनानं म्हटलं नाही. आईचा प्रत्येक फोन त्याच शब्दांवर संपायचा, ते तोंडात बसलं होतं, इतकंच. मावशी इतकी हसली, इतकी रडली, की मला पुण्य लागल्यासारखं वाटलं. मी आईला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी धपाट्यांचा डबा घेऊन दारात उभी. "अक्का!" करत थेट आत गेली. आई आरशासमोर फडकं काढून छिद्र पुसत होती. मावशीच्या हातातला डबा पडला. आईनं दोन्ही हातांनी पदर गळ्याभोवती ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं.

"अक्का," मावशी म्हणाली, "हे काय गं? काल तर बोललीस की माझ्यासंग. ये म्हनलीस."

आईनं वळून मावशीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"मंग काल कोन बोललं?" मावशी विचारत होती. "कोन बोललं ते?"

मी वाकून पडलेला डबा उचलला. दारातून बाबा म्हणाले, "पोरगं बोललं."

मावशी संध्याकाळपर्यंत राहिली. दोघी बहिणी हात हातात घेऊन बसल्या. मावशी मध्येच त्यांच्या सीमेकडच्या माहेरच्या कानडीत काहीतरी पुटपुटायची, आई मान हलवायची. तिला बसवर सोडून मी परत आलो तर आई पाटी मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडं फिरवली.

"तू तुझ्या आवाजात बोल."

मी मान हलवली. तिनं ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं.

"मी अजून आहे."

त्यानंतर मी टॉवेल डोक्यावर घेतला नाही. लोक विचारतात, आई कुठं गेली, नवीन का टाकत नाही.

रजा संपायला आली होती तेव्हाची एक सकाळ. गल्लीत भाजीवाली आली. आई दारात गेली, मी तिच्या मागं. आईनं मेथीकडं बोट दाखवलं. भाजीवाली माझ्याकडं बघायला लागली. तिला आता माझी सवय झाली होती.

"कशी दिली मेथी?" मी विचारलं.

"तुमचा आवाज वायला येलालाय आज," ती म्हणाली. "नेहमीवानी बोला की."

"माझा असाच हाय."

तिनं भाव सांगितला. मी बरं म्हणालो. आईनं माझ्याकडं असं बघितलं, की जुन्या दिवसांत त्यापुढं पाच मिनिटं तरी गल्ली दुमदुमली असती. मग जुडी उचलून ती आत गेली.

ती खाली बसून मेथी निवडायला लागली, मी समोर बसलो. आमचं बोलणं कायम एकाच तऱ्हेचं. ती बोलायची, मी हं म्हणायचो. आता पानं खुडता खुडता ती वर बघायची आणि थांबायची. माझी पाळी होती. इतक्या वर्षांत तिला स्वतःचं असं काही सांगितल्याचं आठवेना.

"ऑफिसात," मी म्हणालो, "एका शेतकऱ्याचा रोज फोन येतो. त्याचा पंप कधीच दुरुस्त झालाय. तरी करतो."

आईनं भुवया वर केल्या. मग?

"मग काय न्हाई. नांदेडात ऊन कसं आहे विचारतो. मी सांगतो."

तिनं एक काडी बाजूला टाकली, आणि पुन्हा वर बघितलं.